हळदीचं कुंकू करणारं पाणी

जावयाला लोणार दाखवायचं राहून गेलं, हे माझ्या आईचं शेवटपर्यंतचं गाऱ्हाणं होतं. माझं माहेर मेहकरचं. तिथून लोणार पंचवीसेक किलोमीटर. लग्नाला चौतीस वर्षं झाली, त्यात मेहकरला येणं किती वेळा झालं त्याची मोजदाद नाही. पण प्रत्येक येण्यामागं काही ना काही निमित्त. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, वडलांचं आजारपण, मग तेराव्याची धावपळ. शारंगधर बालाजीचं दर्शन तेवढं चुकायचं नाही, कारण देऊळ गावातच. लोणार मात्र पुढच्या वेळी. गेल्या वर्षी, कोजागरी उलटून चार दिवस झाले होते, आईचं वर्षश्राद्ध झालं. रात्री पानं उचलताना हे स्वतःहून म्हणाले, "उद्या पुण्याला निघायला नको. लोणारला जाऊ. अख्खा दिवस."

सकाळी पहिल्या एसटीनं निघालो. पिशवीत दशम्या, तिळाची चटणी, पाण्याच्या दोन बाटल्या. ह्यांच्या खिशात जुनं पितळी होकायंत्र. सगळी नोकरी भूमापनात गेली, त्यामुळं नव्या जागी जाताना हात आपोआप त्या होकायंत्राकडे जातो. माझ्या पिशवीच्या कप्प्यात हळदी-कुंकवाची पुडी होती. तळ्याकाठच्या कमळजादेवीला जायचं म्हणजे ती हवीच.

लोणार गावात उतरलं की पहिलं देऊळ दैत्यसूदनाचं. उंच जोत्यावरचं, काळ्या पाषाणाचं, तारकेसारखे कोन काढलेलं हेमाडपंती देऊळ. बाहेरच्या भिंतींवर मूर्तींची दाटी आहे, पण मला लहानपणापासून ओढ आहे ती आतल्या अंधाराची. गाभाऱ्यात दिव्याच्या उजेडात विष्णू दिसतो आणि त्याच्या पायाखाली आडवा पडलेला लवणासुर. कथा आमच्याकडे पोराटोरांना पाठ असते. लवणासुर जमिनीखाली दडून राहायचा, वर झाकण घालून. रात्री बाहेर यायचा आणि माणसांना छळायचा. विष्णूनं कोवळ्या, देखण्या मुलाचं रूप घेतलं. असुराच्या बहिणी भुलल्या आणि त्यांनी भावाची जागा सांगून टाकली. मग विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. त्याचं रक्त म्हणजे तळ्याचं पाणी, त्याचं मांस म्हणजे तळ्यातला खार.

ह्यांनी कथा शांतपणे ऐकून घेतली. बाहेर आल्यावर जोत्यावर बसून म्हणाले, "झाकण उडालं, असंच सांगतात ना? खचलं, बुडालं असं नाही?" नाही, उडालंच. माझी आजी सांगायची तेव्हा अंगठा झटकून दाखवायची. ह्यांना त्या शब्दाचं अप्रूप वाटलं. इंग्रज अधिकारी अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये या तळ्याची नोंद केली. तिथपासून जवळजवळ दीडशे वर्षं विद्वानांचा सर्वसाधारण समज असा की हे जुन्या ज्वालामुखीचं तोंड असावं किंवा जमीन खचून झालेला खड्डा असावा. इथं आकाशातून काहीतरी आदळलं आणि जमिनीचं झाकण उडालं, ही गोष्ट पक्क्या पुराव्यानिशी मांडली गेली १९७३ मध्ये. ज्यांनी ही कथा पहिल्यांदा सांगितली, त्यांना उल्का ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण कड्यावरचे दगड बाहेरच्या बाजूला उलथलेले आहेत, हे त्यांनी पाहिलं असणार. माझा तरी असा विश्वास आहे, की गुराख्याचे डोळे दगडाच्या बाबतीत सहसा चुकत नाहीत.

रिक्षानं मोठ्या मारुतीला गेलो. हा मारुती आडवा आहे, निजलेला. ज्या शिळेतून तो घडवला त्या शिळेत चुंबकत्व आहे, असं सगळेच सांगतात. ह्यांनी पुजाऱ्यांची परवानगी घेऊन होकायंत्र जवळ नेलं. काटा आधी थरथरला, मग उत्तर सोडून चक्क बाजूला वळून थांबला. हात मागे घेतला की पुन्हा उत्तरेला. चारदा करून पाहिलं. शेवटी होकायंत्र मिटून खिशात ठेवलं आणि मारुतीला नमस्कार केला. शेजारीच अंबर तळं आहे, त्याला छोटं लोणार म्हणतात. मोठ्या आघाताच्या वेळी फुटलेला एखादा तुकडा इथं पडला असावा, असं काही अभ्यासक मानतात.

कड्यावर पोचलो तेव्हा नऊ वाजले होते.

लोणारचं जे चित्र सगळीकडे छापून येतं, ते इथून दिसतं. एका कड्यापासून समोरच्या कड्यापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. कड्यापासून खोली सव्वाशे-दीडशे मीटर. तळाशी गोल पाणी, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सव्वा किलोमीटरच्या आसपास. पावसाळा नुकताच सरलेला, त्यामुळं उतारावर हिरवं रान दाटलेलं आणि पाणी त्याहून वेगळं, गढूळ हिरवं, वाटलेल्या पालेभाजीसारखं. गाड्या येत होत्या, माणसं उतरत होती, फोटो काढत होती. इथून पुढं कुणाला शेगाव गाठायचं असतं, कुणाला सिंदखेडराजा. एका कुटुंबातल्या बाई निघताना मला म्हणाल्या, "खूप छान आहे, पण बघायला तेवढंच ना?" मी त्यांना म्हटलं, ताई, खाली जाऊन या. त्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मीच चौतीस वर्षं घड्याळ पाहत आले. पण हे तळं कड्यावरून नुसतं दिसतं. कळायचं असेल, तर पाण्याला हात लागावा लागतो. मला या लेखात खरं तर एवढंच सांगायचं आहे, आणि ते सांगायला खाली उतरण्यावाचून इलाज नाही.

उतरताना हे पावलागणिक थांबत होते. एरवी आपल्या सह्याद्रीत काळ्या पाषाणाचे थर आडवे असतात, चपात्यांच्या चळतीसारखे एकावर एक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला आणि थंड होत गेला, त्याचे हे थर. इथं कड्याजवळ तेच थर तिरके झालेत, विवराकडे पाठ करून बाहेरच्या बाजूला कललेत. मोठ्या पातेल्यातलं पीठ मुठीनं दाबलं की कडा वर येते आणि बाहेर वळते, तसं. आतून उडालेला दगडमातीचा राडा कड्यापलीकडे एक किलोमीटरहून दूरपर्यंत पसरलेला आहे. तळ्याच्या बुडाशी भोकं पाडली तेव्हा सुमारे शंभर मीटर गाळाखाली चुरडलेला खडक लागला आणि त्यात काचेसारखी झालेली खनिजं सापडली. दगड वितळायच्या आतच निव्वळ धक्क्यानं त्यातल्या स्फटिकांची घडी मोडते आणि काच होते. ज्वालामुखीला हे जमत नाही. चंद्रावरून आणलेल्या दगडांतही ही काच आहे. काळ्या बेसाल्टमध्ये पडलेलं आणि इतकं शाबूत राहिलेलं आघाती विवर पृथ्वीवर दुसरं नाही, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोणारला येतात.

कधी पडलं? इथं मात्र दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही मोजमाप करून काढलेली. एका पद्धतीनं ५२,००० वर्षं, दुसऱ्या पद्धतीनं ५,७०,००० वर्षं. ह्यांना ते ऐकून चैन पडेना. ज्यांचं आयुष्य शेताच्या बांधावर वीतभर इकडे की तिकडे यात गेलं, त्यांना दसपटीचा फरक पचायचा कसा! "पुन्हा मोजायला हवं," असं ते खालपर्यंत तीनदा म्हणाले.

वाट उतरत गेली तशी हवा बदलली. वर वारा होता, इथं नाही. सागाची मोठी पानं, बेल, निंब, मधूनच सीताफळाची झुडपं. वानरांची टोळी आमच्या डोक्यावरून पलीकडे गेली. मोर दिसला नाही, पण त्याचा आवाज त्या कढईत घुमून चारी बाजूंनी यायचा, त्यामुळं तो नेमका कुठं आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही. रामगयेचं देऊळ लागलं. शांत, उघडं, थोडं खचलेलं. तिथं दशम्या खाल्ल्या. ह्यांनी तिळाची चटणी दोनदा मागून घेतली. चव आईच्या हातची नव्हती, वहिनीच्या हातची होती, पण कृती आईचीच.

मग वास आला.

लोणारचा वास ज्यानं घेतला नाही त्याला तो सांगणं अवघड आहे. सडक्या अंड्यासारखा म्हणतात, ते खरंही आहे. चिखलात कुजणाऱ्या शेवाळातून निघणारा तो वायू. पण त्याखाली आणखी एक वास आहे, धोब्याच्या भट्टीचा, सोड्यात उकळलेल्या कपड्यांचा. मला तो वास आला आणि मी सरळ आजीच्या माजघरात जाऊन पोचले.

आजीच्या मांडणीवर एक चिनी मातीची बरणी होती. तिच्यात राखाडी-पांढरे खडे. "लोणारचा खार हाय," ती म्हणायची आणि ती बरणी दुसऱ्या कुणाला हाताळू द्यायची नाही. उडदाचे पापड करायचे त्या दिवशी सकाळी एक खडा निघायचा. पाण्यात टाकून उकळायचा, पाणी निवळू द्यायचं, खालचा गाळ सोडून वरचं नितळ पाणी घ्यायचं आणि त्यात पीठ भिजवायचं. मग ते पीठ तेलाचा हात लावून कुटायचं. खार कमी पडला तर पापड चामट, जास्त पडला तर लाल आणि कडवट. आजी बोटाचं टोक जिभेला लावून ठरवायची. तिनं बरोबर ठरवलं की भाजताना पापड फुलून दीडपट व्हायचा.

या तळ्याचा खार आजीच्याही कितीतरी आधीपासून माणसांच्या उपयोगात आहे. अकबराच्या काळी अबुल फजलनं 'ऐन-ए-अकबरी'त इथल्या डोंगरांची नोंद केली, ती काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथं मिळतं म्हणून. जुन्या गॅझेटियरमध्ये तर खाराच्या जातींची नावं आहेत: डल्ला, खुपल, पापडी, भुसकी. भुसकी म्हटलं की हातात भुगा आल्यासारखा वाटतो आणि पापडी म्हटलं की पातळ कापी. खार वेचणाऱ्या हातांनीच ही नावं ठेवली असणार. बांगड्यांची काच, रंगाऱ्याचा पक्का रंग, साबण, पापड. वऱ्हाडातल्या बाईच्या अंगावर आणि ताटात हे तळं होतं. आता इथून खार काढत नाहीत. सन २००० मध्ये या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि ते योग्यच झालं. पण त्या शब्दांचं काय झालं, असं मला राहून राहून वाटत होतं. वाटेत भेटलेल्या दोघा-तिघांना मी खुपल म्हणजे काय ते विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं.

पाण्याच्या कडेला वनखात्याचे एक पहारेकरी भेटले. पंचेचाळिशीचे असतील, हातात काठी, पायांत गमबूट. त्यांनी समोर बोट दाखवलं. पाण्यात पंधरावीस हात आत बाभळींचे वाळके सांगाडे उभे होते.

"यंदा पाणी लय वर आलं ताई. त्या बाभळी पाहा ना. आधी कोरड्यात होत्या."

"वेडी बाभूळ का हो?" मी विचारलं.

"काही वेड्या, काही आपल्या. वेडी आम्ही काढली बरीच. पण ती काढली तरी येते."

पाण्याच्या कडेनं हिरव्या सायीसारखा थर होता. याच पाण्यात स्पिरुलिना नावानं ओळखलं जाणारं निळं-हिरवं शेवाळ वाढतं. पाण्याचा रंग त्याचाच. साध्या पाण्याचा सामू सात असतो. इथला साडेनऊ ते साडेदहाच्या आसपास. या पाण्यात आपल्या ओळखीचे मासे जगत नाहीत. जे जगतं ते सगळं खारावर वाढलेलं, सूक्ष्म, डोळ्यांना न दिसणारं. तरी काठ ओसाड नव्हता. लांब गुलाबी पायांचे शेकाटे चिखलात चोच घालत होते, टिटव्या ओरडत होत्या, आणि थंडीची वर्दी घेऊन आलेले दोन धोबी शेपट्या हलवत आमच्या पुढं पुढं पळत होते.

खार येतो कुठून, हे पहारेकऱ्यांनी आम्हाला एका वाक्यात सांगितलं, आणि ते वाक्य मी दिवसभर बरोबर घेऊन हिंडले. "इथं येते समदं, जात काहीच नाही." खरं आहे. कड्यावर पडलेला पाऊस इथं येतो, झऱ्यांचं पाणी इथं येतं, पण इथून एकही ओढा बाहेर जात नाही. जायला वाटच नाही. पाण्याला सुटका एकच, उन्हात वाफ होणं. काळ्या पाषाणातले क्षार पाण्याबरोबर खाली उतरतात आणि वाफ होताना पाणी त्यांना मागे ठेवून जातं. हजारो वर्षं हेच चाललंय. आजीच्या बरणीतला खडा म्हणजे तेवढ्या उन्हाळ्यांची शिल्लक.

आणि नुसता खारच राहत नाही. तळ्याच्या बुडातून शास्त्रज्ञांनी सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा दांडा काढला. त्यात अकरा हजार वर्षांचा हिशेब थरांनी मांडलेला सापडला. कोणत्या काळात कोणती झाडं होती, ते परागकणांवरून कळतं. पाणी फार आटलं की गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक गाळात तयार होतात; ते जिथं सापडले तिथं दुष्काळ. असे दोन फार मोठे कोरडे काळ त्यात दिसतात. एक साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. त्याच दुसऱ्या लांबलेल्या काळात वर दैत्यसूदनाचं देऊळ उभं राहिलं. पावसाची ओढ लागलेल्या माणसांनी केवढं कोरीव काम केलं! आपण दुष्काळाची आठवण बहात्तरपासून सुरू करतो. तळ्याला सगळे दुष्काळ आठवतात.

कमळजादेवीचं देऊळ काठाला लागूनच आहे. नवरात्रात इथं यात्रा भरते. लहानपणी मी आजीबरोबर याच वाटेनं आले होते, तिच्या पदराला धरून. आता नवरात्र होऊन गेलेलं, त्यामुळं देवळात आम्ही दोघं आणि एक म्हाताऱ्या बाई, एवढेच. तांदळ्याला शेंदूर, डोळे टपोरे, नवी चोळी. मी ओटी भरली, देवीला हळद-कुंकू वाहिलं, बाईंनी मला लावलं, मी त्यांना लावलं.

"विहीर दिसते का हो, मावशी?" मी विचारलं.

"कुठली दिसते बाई! पाण्याखाली गेली. सासू-सून दोघीबी गेल्या."

देवळासमोर तळ्याच्या पात्रात एक विहीर आहे, सासू-सुनेची विहीर. पाणी आटलं की उघडी पडते, वाढलं की बुडते. मी ती एकदाच पाहिली आहे, एका कडक उन्हाळ्यात, आजीबरोबर. देवळाकडच्या बाजूचं पाणी गोडं, तळ्याकडच्या बाजूचं खारं, विहीर एकच. आजीनं मला दोन्हीकडचं थेंबभर पाणी बोटावर दिलं. "चाखून पाह्य. एका घरात राह्यतात, पण चव काही एक होत नाही." यातली खारी कोण, असं मी विचारलं होतं. आजी हसली आणि तिनं शेजारी उभ्या असलेल्या माझ्या आईकडे पाहिलं. आईही हसली. दोघींच्या त्या हसण्याचा अर्थ कळायला मला स्वतःची सासू आणि मग स्वतःची सून यावी लागली.

ही गोष्ट मी ह्यांना पहिल्यांदाच सांगितली. इतक्या वर्षांत कशी सांगितली गेली नाही, कोण जाणे. ते जिथं विहीर असावी त्या पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

माझ्या बोटांना हळद लागलेली होती. हात धुवावा म्हणून मी वाकले आणि उजव्या हाताची दोन बोटं पाण्यात बुडवली. बाहेर काढली तेव्हा ती लाल होती.

क्षणभर मला वाटलं, काही कापलं. हेही दचकले. रक्तासारखा नव्हे, विटकरी, ओल्या कुंकवासारखा लाल. मग उमगलं. पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडतो, त्याला साबण लावला की तो लालभडक होतो, हे कोणत्या बाईला माहीत नाही? हळदीत चुना कालवला की लाल होतं, तेही माहीत. हळदीला खार भेटला की ती रंग बदलते. सामू मोजायला लोक कागदाच्या पट्ट्या आणतात. माझी पट्टी माझ्या बोटांवर होती. पण हे सगळं डोक्यात येऊनही अंगावरचा काटा गेला नाही. देवीला वाहिलेल्या हळदीचं तळ्यानं माझ्या डोळ्यांदेखत कुंकू केलं होतं. माझ्या आजीनं, पणजीनं, त्यांच्या आधीच्या बायकांनी याच काठावर हळदीची बोटं याच पाण्यात धुतली असणार आणि त्यांनी हेच पाहिलं असणार. इथं देवी का, हा प्रश्न मला पुन्हा पडणार नाही.

ह्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढून दिला. मी बोटं पुसली. रुमालावर दोन लाल डाग उमटले.

परतीला आम्ही धारेच्या, म्हणजे कड्याजवळच्या गोमुखातल्या झऱ्याच्या, अंगानं चढायला लागलो. ऊन उतारावरून सरकत होतं. इथून पुन्हा मागे वळून पाहिलं की वरच्या कड्यावरची घरं दिसतात, आणि पहारेकऱ्यांचं वाक्य वेगळ्या अर्थानं टोचायला लागतं. इथं येते समदं. गाव वर आहे, तळं खाली आहे. गावाचं सांडपाणी वर्षानुवर्षं उतारावरून इथं येत राहिलं. विवराच्या आत शेती व्हायची, केळीचे मळे होते, त्यांची खतं इथं यायची. धारेवर साबण लावून आंघोळी आणि धुणी व्हायची, तो फेस इथं यायचा. नदी असती तर पुढं वाहून गेलं असतं, कुणाच्या तरी दुसऱ्या गावाला. इथं पुढं कुणी नाही. लोणारच्या रक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे लोकांना जनहित याचिका घेऊन जावं लागलं, आणि न्यायालयानं या प्रश्नाचा पाठपुरावा केला, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. विवराला १९७९ मध्ये राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा मिळाला, २०२० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं. नाशिकच्या नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं हे दुसरं. दर्जे मिळाले ते चांगलंच. पण तळ्याला पाट्या वाचता येत नाहीत. त्याला कळतं ते फक्त आत काय आलं तेवढंच.

गोडं पाणी फार आलं तरी त्याचं बिनसतं, आणि फार आटलं तरी. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळं जग घरात कोंडलेलं होतं, आणि दूरदर्शनवर ते दृश्य पाहून आई मला फोनवर म्हणाली होती, "असुराचं रक्त वर आलं गं." नागपूरच्या नीरी या पर्यावरण संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे नमुने गेले. पाऊस नसल्यानं पाणी खाली गेलं होतं, उन्हानं खार वाढला होता, आणि त्या तीव्र खारात खारप्रेमी सूक्ष्मजीव बेसुमार वाढले. गुलाबी रंग त्यांच्या अंगचा. बाटलीतले जीव तळाशी बसले तेव्हा वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे पाण्याला रंग नव्हताच, रंग पाण्यात राहणाऱ्यांचा होता. आता पाणी चढलंय आणि बाभळी बुडाल्यात. हा चढउतार निसर्गाचा किती आणि वरून आपण सोडलेल्या पाण्याचा किती, हे सतत मोजत राहायला हवं. वयाची दोन उत्तरं असली तरी चालतील. सामूची, खाराची, पातळीची नोंद मात्र दर महिन्याची हवी, आणि ती गावातल्या शाळेच्या पोरांना वाचता येईल अशी भिंतीवर लिहिलेली हवी. हळद घेऊन शंभर पोरं काठावर आली तर त्यांना तळं कळेल. मी मेहकरच्या शाळेत दहावीपर्यंत शिकले. लोणार आम्हाला भूगोलाच्या पुस्तकात दोन ओळींत होतं.

चढ दम काढणारा होता. ह्यांचा गुडघा दुखत होता, पण त्यांनी तसं म्हटलं नाही. मधे मधे दगडांचे थर पाहायला थांबत होते. मीही त्यांच्याबरोबर दगड पाहत उभी राहत होते.

धारेजवळ पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. दगडी गोमुखातून मनगटाएवढी धार कुंडात पडत होती. बारमाही आहे. कडक उन्हाळ्यात, आजूबाजूच्या विहिरी आटल्या तरी ही आटत नाही, असं सगळे सांगतात. आणि पाणी गोड. खाली दीडशे मीटरवर साबणासारखं पाणी, आणि त्याच विवराच्या काठातून हे असं. खडकाच्या भेगांतून झिरपून आलेलं, अजून उन्हात न तापलेलं, अजून खार न साठलेलं. थोड्या वेळानं हेच खाली जाणार होतं.

पायरीवर एक बाई सीताफळांची टोपली घेऊन बसल्या होत्या. ह्यांनी चार घेतली. बाईंनी डोळे उघडलेली निवडून दिली आणि म्हणाल्या, "दोघं जण खाली जाऊन आले का? काय पाह्यलं?"

"कमळजा," मी म्हटलं.

"मंग पाह्यलं."

ह्यांनी रुमाल काढला. वाळला होता, डाग तसेच, विटकरी. त्यांनी तो माझ्या हातात न देता स्वतःच गोमुखाखाली धरला. धार जोरात होती, रुमाल हातातून निसटेल म्हणून मी दुसरं टोक पकडलं. पाणी डागांवरून वाहायला लागलं आणि आमच्या हातांत, बघता बघता, लाल उतरून पिवळं झालं.

"हळद परत आली," हे म्हणाले.

मी रुमाल पिळला, झटकला आणि सीताफळांच्या पिशवीवर वाळत घातला. मेहकरची गाडी साडेपाचला होती.